खडीनमधला न

"जीप मागे घे," बाई म्हणाली, "नाहीतर माझ्या अंगावरून घाल."

आमच्या जीपच्या नाकासमोर ती काठी रोवून उभी होती. मे महिन्यातली दुपार, जैसलमेरपासून पन्नास-साठ किलोमीटर आत लूणाबेरी नावाची वस्ती, आणि हवा अशी की श्वास घ्यायचाही कंटाळा यावा. माझं डोकं आधीच तापलेलं होतं. ड्रायव्हर मिसरी खाननं ब्रेक दाबला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "धापू भुआ आहे. उतरावं लागेल, साब."

"का? सरकारी जमीन आहे. कागद आहे आपल्याकडे."

"कागद तिला वाचता येत नाही."

"मग बाजूला व्हायला सांग."

त्यानं सांगितलं नाही. शेवटी मीच उतरलो.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. तेव्हा मी पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत कंत्राटी भूमापक होतो. सलग सातवं कंत्राट. आमचे नगरकर साहेब दर दिवाळीला म्हणायचे, "चौगुले, या वर्षी तुला कायम करून टाकू," आणि दर दिवाळीला माझ्या हातात मिठाईचा पुडा पडायचा. त्या वर्षी मात्र त्यांनी चारचौघांत शब्द दिला होता. एका वीज कंपनीला वाळवंटात सौर पॅनेलं बसवायची होती. त्यांना आधी सगळ्या राज्याचा आढावा हवा होता, आणि मग जैसलमेरकडच्या जमिनींची तुकड्यातुकड्यानं पाहणी. दोन्ही कामं बिनबोभाट झाली की चौगुले कायम.

आढाव्याचं नाव होतं 'राजस्थान: भूरूपे, अर्थव्यवस्था आणि वाढ'. त्यासाठी मी दोन महिने ते राज्य उभंआडवं तुडवलं. अरवलीच्या रांगेच्या पूर्वेला मोहरी आणि गहू, पश्चिमेला वाळू, एवढं शाळेत शिकलेलं होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. मकराण्याला संगमरवराच्या खाणीच्या काठावरून खाली पाहिलं तर माणसं मुंगीएवढी दिसली. सांभरला मिठागरातून चालताना पायांना चरे पडले. गंगानगरला कालव्याच्या पाण्यावर किन्नूच्या बागा लगडलेल्या, कोट्यात फरश्यांचे ढीग घरांहून उंच, बाडमेरला तेलाच्या विहिरी. सगळीकडे लोक मला चहा पाजून आपल्या जिल्ह्याचं कौतुक ऐकवत, आणि मी ते चार ओळींत बसवून पुढच्या गावाला जात असे. थोडक्यात लिहिण्याचा मला गर्व होता. इतरांना जिथे परिच्छेद लागतो तिथे चौगुलेला एक शब्द पुरतो, असं नगरकर म्हणायचे. हे कौतुक माझ्या चांगलंच डोक्यात गेलं होतं.

जैसलमेर शेवटचं. तिथे पोचेपर्यंत मला त्या राज्याचा, उन्हाचा, बाजरीच्या भाकरीचा आणि विशेष करून मिसरी खानचा वीट आला होता. पन्नाशीचा माणूस, भाड्याच्या जीपबरोबर आलेला, पोखरणकडचा. त्याला प्रत्येक झुडुपाचं नाव सांगायची खोड होती. "ही खेजडी, साब. हा केर. ही फोग, हिची मुळं जाळायला बरी." चौथ्या दिवशी मी त्याला झापलं. "विचारलं तर बोलायचं. नाहीतर गाडी चालवायची." तेव्हापासून तो गरजेपुरतं बोलायचा आणि बाकी सगळ्याला "जी" म्हणायचा. मला वाटलं, बरं झालं, कटकट गेली.

तर धापू. भुआ म्हणजे तिकडची आत्या. साठीच्या आसपासची, काटकुळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि डोळे असे की समोरच्यानं आधीच काहीतरी चोरलंय. धापू म्हणजे 'पुरे झाल्या'. लागोपाठ मुली झाल्या की तिकडे शेवटचीचं नाव असं ठेवतात, आपल्याकडे नकुसा ठेवतात तसं. पण ही बाई कुणालाही पुरून उरणारी होती. आमचं बोलणं हिंदीत चाललं होतं, तिचं मारवाडी वळणाचं, माझं कोल्हापुरी. इथे मराठीतच सांगतो.

"काय मोजतोस?" तिनं विचारलं.

"जमीन."

"कोणाची?"

"सरकारची."

"सरकार इथे पेरायला आलं होतं का कधी?"

मी आजूबाजूला पाहिलं. एका अंगाला दगडगोट्यांचा लांबलचक उतार. त्याच्या पायथ्याशी भाजून निघालेली सपाट जमीन, भेगा पडलेली, वरून घरंगळत आलेल्या बारक्या खड्यांनी भरलेली. पलीकडच्या टोकाला छातीएवढ्या उंचीचा मातीचा भराव, जरासा वाकडा. जुना रस्ता असावा, असं मी मनाशी ठरवून टाकलं. विहीर नाही, पाट नाही, साधं एक धाटसुद्धा नाही.

"इथे काय पेरता?" मी हसत विचारलं.

"आंधळा आहेस का तू?" ती म्हणाली. "हे खडीन आहे. आम्हा अकरा घरांचं. माझ्या सासऱ्याच्या आज्यानं बांधलेलं. दोन सालं पाणी आलं नाही म्हणून गप्प पडलंय."

मला ऐकू आलं ते असं: खडी. माझं गाव ज्योतिबाच्या डोंगराच्या पायथ्याचं. गावाबाहेर खडीचं क्रशर होतं आणि त्याचा भुगा लहानपणापासून आमच्या कौलांवर, पाण्याच्या घागरीवर, शाळेच्या बाकांवर बसलेला. खडी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पायाखाली बघितलं तर खडीच होती. बाई भांडकुदळ आहे पण जमिनीचं खरं सांगते आहे, असं मला वाटलं. आज्यानं बांधलं वगैरे पुढचं मी सोडून दिलं.

"दिसतंय मला," मी म्हणालो.

"दिसतंय तर लिही."

"लिहितो."

"माझ्यासमोर लिही. मागे एक आला होता, तो गाडीत बसून लिहून गेला."

आमच्याकडे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला एक छापील पान होतं. नियम साधा होता. जमीन सरकारच्या नावावर असली तरी कुणी ती पिढ्यान्‌पिढ्या कसत असेल तर प्रकल्पातून वगळायची. कसत नसेल तर घ्यायची, आणि धरायची ती पाहणीच्या दिवशीची नोंद. म्हणजे त्या पानावर मी काय लिहितो यावर अकरा घरांची जमीन राहणार की जाणार, हे ठरत होतं. मला ते पक्कं माहीत होतं. मी पान जीपच्या बॉनेटवर ठेवलं, 'जमिनीची स्थिती' या रकान्यात माझ्या सवयीप्रमाणे एकच शब्द लिहिला, पिकाच्या रकान्यात रेघ ओढली आणि सही केली.

"काय लिहिलंस?" तिनं विचारलं.

"खडी, ना? लिख दिया."

"खडीन," ती मान हलवून म्हणाली. माझा 'ना' तिच्या कानांनी खडीला जोडून घेतला होता.

मागे मिसरी खान खाकरला. "साब, वो..."

"तुला विचारलं का कुणी?"

"जी नहीं."

काठी खाली आली. बाईचा चेहरा एकदम घरातल्या माणसाचा झाला. ती झोपडीत गेली आणि पितळी लोट्यातून ताक घेऊन आली. "पी. लांबून आलास." ताकात शेळीचा एक केस तरंगत होता. मी लोटा घेऊन जीपच्या मागच्या बाजूला गेलो, चाकापाशी सगळं ओतलं, आणि रिकामा लोटा तिला परत देत म्हणालो, छान होतं. पाण्यासाठी तिकडच्या बायका किती कोस चालतात, हे मी स्वतः आढाव्यात लिहिलेलं होतं. मिसरी खाननं आरशातून सगळं पाहिलं. परतीच्या वाटेवर तो "जी"सुद्धा म्हणाला नाही.

आढाव्याचं फार कौतुक झालं. नगरकरांनी त्यातला एक उतारा बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवला. 'पश्चिमेचा खडकाळ, अनुत्पादक पट्टा हीच राज्याच्या उद्याच्या वाढीची खरी जमीन आहे.' वाक्य माझं होतं आणि मला ते आवडायचं.

फेब्रुवारीत नगरकरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"लूणाबेरी आठवतं का? तिथे एक म्हातारी खांब रोवू देत नाहीये. म्हणते, मराठी साहेबानं माझ्यासमोर लिहून घेतलंय, त्याला बोलवा, तो सांगेल. तिथला तहसीलदार तिला मध्ये टाकून आपल्याला ताटकळत ठेवतोय."

"काय सांगायचं मी?"

"आपलं पान वाचून दाखवायचं. दुसरं काय? मीही येतोय." मग त्यांनी खण उघडून एक लिफाफा दाखवला आणि परत ठेवला. "तुझं कायमचं पत्र. सही झालीय. तिथून आलो की घेऊन जा."

जैसलमेरला नगरकर कंपनीच्या गाडीतून पुढे गेले. माझ्या वाट्याला तीच जीप आणि तोच मिसरी खान आला. दोघंही एकमेकांना ओळख न दाखवता बसलो. लूणाबेरीच्या अलीकडचा चढ संपला आणि मी त्याला गाडी थांबवायला सांगितली.

समोर गहू होता. उताराच्या पायथ्यापासून त्या वाकड्या भरावापर्यंत, जवळजवळ साठ बिघे, कमरेला लागेल असा गहू, लोंब्यांवर आलेला. कडेकडेनं हरभरा. बाकी चारी दिशांना नुसता दगड आणि वाळू.

"आपण चुकलो," मी म्हणालो. "ही ती जागा नव्हे."

"जी, हीच."

"कालवा आला का इकडे?"

"जी नहीं."

"बोअर मारली?"

"जी नहीं."

"मग हे काय आहे?"

त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा तोंड वळवलं. "आप पूछ रहे हैं?"

"हो. विचारतोय."

तेव्हा त्यानं सांगितलं. सगळ्या उतारावर पावसाचं जे काही पाणी पडतं ते दगडावरून घसरत खाली येतं. तो भराव म्हणजे रस्ता नव्हे, बांध. पाणी त्याला अडून सपाट जमिनीवर दिवाळीपर्यंत उभं राहतं, जमिनीत मुरतं, आणि मग त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वर एक थेंबही लागत नाही. अशा जमिनीला खडीन म्हणतात. पाऊस दगा देईल त्या साली ती उघडी पडून राहते, पण मरत नाही. शेकडो वर्षं लोक तिकडे असंच खात आले आहेत. मी दोन महिने राज्यभर फिरून भूरूपं लिहिली होती, आणि त्यांतलं सगळ्यात शहाणं भूरूप मी उन्हात उभं राहून जुना रस्ता ठरवलं होतं.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगत होतो. आपण म्हणालात, विचारलं नाही." त्यानं गिअर टाकला. "आणि मग आपण ताक ओतलंत. तेव्हा म्हटलं, याला सांगून तरी काय."

बांधावर तीस-चाळीस माणसं जमली होती. तहसीलदार खुर्चीत बसलेला, निवृत्तीला आलेला, थकलेला माणूस. त्याच्या शेजारी वीज कंपनीचा मॅनेजर अरोरा, आणि मागे नगरकर, डोक्यावर रुमाल टाकून. धापू सगळ्यांच्या पुढे उभी होती. हातात तोच पितळी लोटा, वर ओला फडका बांधलेला. मला बघताच तिनं मागे वळून सगळ्यांना सुनावलं.

"आला. आता तोंडं बंद ठेवा. माझा माणूस आलाय."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तहसीलदारानं फाइलमधून माझं पान काढलं, चष्मा पुसला आणि वाचलं. "जमिनीची स्थिती: खडी." त्यानं मान वर करून गव्हाकडे पाहिलं. "मग भांडण कशाचं आहे? बरोबर लिहिलंय यांनी. खडी. म्हणजे खडी फसल."

हिंदीत खडी म्हणजे उभी. खडी फसल म्हणजे उभं पीक. हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. माझ्या चुकीच्या शब्दालाच त्या माणसानं बाईच्या बाजूचा अर्थ लावून दिला होता.

"साहेब, तारीख बघा," अरोरा पुढे झाला. "मे महिना आहे. मे महिन्यात इथे कसलं उभं पीक? आणि पिकाच्या रकान्यात रेघ आहे."

"रेघ म्हणजे 'वरीलप्रमाणे' असेल," तहसीलदार शांतपणे म्हणाला. "मेमध्ये कुणी वाळकी धाटं उभी ठेवतं. आपण कशाला डोकं चालवायचं? लिहिणारा समोर आहे." तो माझ्याकडे वळला. "बोला, चौगुलेजी. खडी म्हणजे उभं पीकच ना? हो म्हणा, मी इथेच शेरा मारतो, हा तुकडा वगळतो, आणि सगळे जेवायला जाऊ."

तो माझ्याकडे रोखून बघत होता. मी काय लिहिलं असेल हे त्याला कळलेलं होतं. म्हणूनच तर तो इतका सोपा प्रश्न विचारत होता. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

नगरकर माझ्या कानाशी आले आणि मराठीत हळूच म्हणाले, "चौगुले, पत्र मी बरोबर आणलंय. उगीच नसता शहाणपणा करू नकोस."

मी धापूकडे पाहिलं. तिला ना तहसीलदाराची खेळी कळत होती ना अरोराची. ती निवांत उभी होती, जसं काही मी आधीच सांगून मोकळा झालोय. खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचा संताप आला. कुणी सांगितलं होतं हिला माझ्यावर विश्वास टाकायला? मी हिचा कोण?

"हमारी मराठी में," मी म्हणालो, "खडी मतलब गिट्टी."

आयुष्यात इतकं खरं मी फार थोड्या वेळा बोललो आहे. खोटं बोललो असतो तर अकरा घरं वाचली असती.

तहसीलदारानं पान फाइलीत घातलं आणि फाइलीची नाडी बांधायला घेतली. "ठीक आहे," तो म्हणाला, "पाहणीच्या दिवशी जमीन पडीक होती." माझ्याकडे त्यानं पुन्हा पाहिलं नाही.

"काय म्हणाला हा?" धापूनं मिसरी खानला विचारलं.

"गिट्टी लिहिलंय म्हणतो, भुआ. पानावर खडी आहे. पुढे न नाही."

"तो म्हणाला होता. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"म्हणाला. लिहिला नाही."

ती माझ्यासमोर आली. मला वाटलं, आता काठी बसते. बसली असती तर मी ती घेतली असती. पण काठी तिनं बांधाला टेकून ठेवली होती. तिनं लोट्यावरचा फडका सोडला. आत ताक होतं, घट्ट, बघताक्षणी थंडगार वाटणारं.

"त्या दिवशी तुझी गाडी गेल्यावर मी पाहिलं," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "चाकाच्या जागी पांढरं दिसलं. सून म्हणाली, हा माणूस बरा नाही. मी तिला म्हटलं, पोट बिघडलं असेल त्याचं. लिहिलंय ना आपल्यासमोर, मग झालं."

मी मान खाली घातली.

"आज पुन्हा आणलं होतं तुझ्यासाठी. सकाळी गाळून घेतलं, दोनदा." तिनं लोटा तिरपा केला आणि सावकाश माझ्या बुटांवर ओतायला सुरुवात केली. "तुला गाडीमागे जायचा त्रास नको. मीच ओतते."

तळाचा शेवटचा थेंब पडेपर्यंत ती हलली नाही. मीही हललो नाही. मग ती फडका पिळत गव्हाच्या कडेनं चालत गेली, आणि तिच्यामागून एकेक करून बाकीची माणसं गेली.

मी जीपपाशी आलो. मिसरी खान बॉनेटला टेकून उभा होता.

"चल," मी म्हणालो.

"गाडी खराब है, साब."

गाडीला काही झालेलं नव्हतं. मी नगरकरांच्या गाडीतून गेलो. वाटेत त्यांनी लिफाफा माझ्या मांडीवर ठेवला आणि खिडकीची काच वर केली, कारण माझ्या बुटांना ताकाचा वास येत होता. मी कायम झालो. अजूनही त्याच कंपनीत आहे, आता माझ्या हाताखाली सात जण आहेत.

त्या दिवसाचं इतिवृत्त संध्याकाळी विश्रामगृहात बसून मलाच लिहावं लागलं. अरोरानं मोठ्या मनानं कापणीपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं, तेवढीच एक नोंद तिच्या बाजूची. 'लूणाबेरी येथील खडीनधारकांना उभे पीक काढून नेण्यासाठी दीड महिन्याची मुदत देण्यात येत आहे. त्यानंतर खडीन क्षेत्राचा ताबा घेण्यात येईल.' एवढ्या मजकुरात खडीन हा शब्द दोनदा आला आहे, आणि दोन्ही वेळा मी तो बरोबर लिहिला आहे.